बाओबाब म्हणतं ३४ जीबी, डीएफ म्हणतं ५५. रूट पार्टिशन नेमकं कुणी खाल्लं?

अर्धाजीबी (धागाकर्ता)

उबुंटू २२.०४ (लिनक्स), ग्नोम डेस्कटॉप, २५६ जीबीची एसएसडी. रूट (/, म्हणजे सिस्टमचं मुख्य) आणि /होम (माझ्या फाइलींचं) ही दोन वेगळी पार्टिशनं आहेत, दोन्हींवर ईएक्सटी४ फाइल सिस्टम. आधी सगळं एकाच पार्टिशनवर होतं. नंतर /होम नव्या पार्टिशनवर कॉपी करून एफएसटॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ते सांगणारी फाइल) नोंद घातली. डॉकर (कंटेनरमध्ये प्रोग्राम चालवणारं साधन) वापरात आहे.

डीएफ -एच (डिस्कवरची जागा सांगणारा टर्मिनल आदेश) रूटसाठी हे दाखवतं: एकूण ५९जी, वापर ५५जी, शिल्लक १.१जी. इथेच पहिला गोंधळ. ५९ मधून ५५ गेले तर ४ उरायला हवेत.

दुसरा गोंधळ मोठा आहे. सोबत येणारं बाओबाब (मेनूत 'डिस्क यूसेज अ‍ॅनालायझर') रूटवर चालवलं तर बेरीज येते ३४ जीबी. म्हणजे २१ जीबी कुठल्याच रंगीत वर्तुळात दिसत नाहीत. एपीटी क्लीन करून झालं, कचरापेटी रिकामी आहे.

प्रश्न दोन:
१. दिसत नसलेली जागा शोधायला दुसरं कुठलं ग्राफिकल टूल बरं? फाइललाइट, क्यूडिरस्टॅट ही नावं ऐकली आहेत.
२. ते रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवावं लागतं का? सुडो (रूटचे अधिकार देणारा आदेश) लावून खिडकीवाला प्रोग्राम चालवू नये असं वाचलंय.

---

जुनाकर्नल

टूल बदलून एवढी तफावत भरून निघणार नाही. आधी मोजणी नीट करा, चित्र नंतर. (आदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाका.)

एकक पहिल्यांदा. बाओबाबचा जीबी १००० च्या पटीतला, डीएफ -एच चा जी १०२४ च्या पटीतला. तेव्हा बाओबाबचे ३४ म्हणजे डीएफच्या भाषेत ३१.७ च. खरी तफावत २१ नाही, २३.३ आहे. तुलना करताना एकतर डीएफला मोठ्या लिपीतला एच द्या, म्हणजे तोही १००० ने मोजेल, नाहीतर बाओबाबचा आकडा ०.९३ ने गुणा. फाइललाइट 'जीआयबी' असं स्पष्ट लिहितं, त्यामुळे तिथे घोटाळा होत नाही.

५९ – ५५ = ४ का नाही? ईएक्सटी४ बनवताना ५ टक्के ब्लॉक रूट वापरकर्त्यासाठी राखून ठेवले जातात. ५९ चे ५ टक्के म्हणजे साधारण ३. ते 'वापर' मध्येही नसतात आणि 'शिल्लक' मध्येही नसतात. डिस्क शंभर टक्के भरली तरी रूटला लॉगइन करता यावं, सेवा लॉग लिहू शकाव्यात, म्हणून ही सोय. हा दोष नव्हे.

आता २३.३. ग्राफिकल टूलला जागा न दिसण्याची कारणं मोजकीच असतात, आणि तुमच्याकडे एकाहून जास्त असावीत असं वाटतं.

परवानगी. /व्हार/लिब/डॉकर फक्त रूटला उघडतं. साध्या वापरकर्त्याने चालवलेलं बाओबाब त्याच्या दारावरून परत येतं. वरच्या पट्टीत 'काही फोल्डर स्कॅन करता आले नाहीत' असा इशारा आला असेल, तो बहुतेक जण बंद करून टाकतात.

माउंटखाली गाडलेल्या फाइली. (माउंट म्हणजे पार्टिशन एखाद्या फोल्डरच्या जागी जोडणं.) तुम्ही /होम 'कॉपी' केलं म्हणता. जुनं होम रूट पार्टिशनवरून पुसलं का? नसेल तर ते अजून तिथेच आहे. नवं पार्टिशन त्याच्यावर माउंट झाल्यामुळे ते झाकलं गेलंय. सतरंजीखालचा कचरा. कुठलंही टूल, रूट म्हणून चालवलं तरी, तो बघू शकत नाही, कारण /होम म्हटलं की कर्नल नवं पार्टिशनच पुढे करतो.

पुसलेल्या पण उघड्या फाइली. एखादी सेवा लॉगमध्ये लिहितेय आणि ती फाइल कुणी आरएम (डिलीट) केली, तर नाव जातं, जागा जात नाही. ती सेवा फाइल बंद करेपर्यंत ब्लॉक अडकलेले राहतात. डीएफला ते दिसतात. फाइलींची नावं चालत जाणाऱ्या टूलला दिसत नाहीत, कारण नावच उरलेलं नसतं.

या तिन्हींसाठी तीन वेगळे उपाय लागतात. पहिल्याचा क्यूडिरस्टॅटवाला उपाय कुणीतरी नीट लिहा, मी खालच्या दोन्हींवर येतो.

---

ताई_टर्मिनल

क्यूडिरस्टॅटचं मी लिहिते.

सुडो लावून ग्राफिकल प्रोग्राम चालवू नये हे खरं आहे. वेलँडवर (खिडक्या दाखवणारी नवी यंत्रणा) कधी खिडकीच उघडत नाही, आणि उघडली तर चुकून डिलीटवर गेलेलं बोट रूटचं असतं. पण इथे तशी गरजच नाही. क्यूडिरस्टॅटसोबत एक छोटी पर्ल स्क्रिप्ट येते, तिचं नाव क्यूडिरस्टॅट-कॅश-रायटर. रूटच्या अधिकाराने फक्त मोजणी करायची, ती एका फाइलमध्ये ठेवायची, आणि चित्र मात्र साध्या वापरकर्त्याने बघायचं.

सुडो एपीटी इन्स्टॉल क्यूडिरस्टॅट
सुडो क्यूडिरस्टॅट-कॅश-रायटर / ~/रूट.कॅश.जीझेड
क्यूडिरस्टॅट --कॅश ~/रूट.कॅश.जीझेड

कॅश फाइल होममध्येच ठेवा. तुमचं रूट काठोकाठ भरलंय, तिथे आणखी काही लिहायला जाऊ नका. स्क्रिप्ट आपणहून दुसऱ्या फाइल सिस्टममध्ये शिरत नाही, त्यामुळे /होम, /प्रॉक, /स्नॅप हे सगळं वगळलं जातं, आणि आपल्याला तेच हवंय. (शिरायला हवं असेल तर -एम.)

/स्नॅप वगळणं का महत्त्वाचं ते सांगते, कारण नवखे लोक इथेच फसतात. स्नॅपची (उबुंटूचा एक पॅकेज-प्रकार) खरी फाइल /व्हार/लिब/स्नॅपडी/स्नॅप्स मध्ये दाबलेल्या स्वरूपात असते, आणि तीच /स्नॅप खाली उघडून माउंट केलेली असते. टूलने माउंट ओलांडले तर तोच फायरफॉक्स दोनदा मोजला जातो, आणि दुसऱ्यांदा तर फुगवून. फाइललाइटच्या सेटिंग्जमध्ये फाइल सिस्टमच्या सीमा ओलांडून स्कॅन करण्याचा पर्याय आहे, तो बंदच असू द्या.

आता चित्र कसं वाचायचं. वर झाड, खाली ट्रीमॅप. ट्रीमॅप म्हणजे गावाचा गटवार नकाशा समजा: प्रत्येक फोल्डर एक गट, त्यात पोटहिस्से, आणि प्रत्येक फाइल आपल्या आकाराइतक्या क्षेत्रफळाचा तुकडा. तुकड्याचा रंग फाइलच्या प्रकारावर ठरतो. एकच मोठा सपाट चौकोन दिसला तर ती आयएसओ किंवा व्हर्च्युअल मशीनची डिस्क असते. बारीक वाळूसारखा पट्टा दिसला तर हजारो चिल्लर फाइली. त्यावर क्लिक केलं की वरच्या झाडात नेमकी ती ओळ निवडली जाते. रिंगवाल्या चित्रात, म्हणजे बाओबाब आणि फाइललाइटमध्ये, मधोमध वरचं फोल्डर आणि बाहेर बाहेर पोटफोल्डर. 'कुठल्या फोल्डरमध्ये भार आहे' हे रिंगमध्ये पटकन कळतं. सात पातळ्या खोल पडलेली एकटी ८ जीबीची फाइल मात्र रिंगच्या काठावर एक चिरोटी होऊन बसते, आणि ट्रीमॅपमध्ये ती पहिल्या नजरेत डोळ्यांत भरते. तुमच्या कामाला ट्रीमॅप.

एक सावधगिरी. कॅशमधून उघडलेल्या चित्रावरून काही पुसू नका. विशेषतः दुसऱ्या मशीनची कॅश आपल्या लॅपटॉपवर बघत असाल तर मार्ग तेच दिसतात आणि डिस्क मात्र भलतीच असते.

---

अर्धाजीबी

धन्यवाद. कॅश-रायटरने ४७.५ दाखवले. वाढीव १५.८ पैकी १३.९ एकट्या /व्हार/लिब/डॉकर/ओव्हरले२ मध्ये आहेत. ट्रीमॅपमध्ये उजवीकडचा सगळा भाग वाळूच वाळू. लांबलचक नावांची फोल्डर आहेत, त्यातली जुन्या तारखांची पुसली तर चालतील का?

अजून ७.५ सापडायचे आहेत.

---

जुनाकर्नल

ओव्हरले२ मध्ये हाताने काहीही पुसू नका. ती फोल्डर म्हणजे इमेजचे थर. (इमेज म्हणजे ज्यावरून कंटेनर उभा राहतो तो साचा.) एक थर अनेक इमेज वाटून घेतात, आणि कुठला थर कुणाचा याची नोंद डॉकर वेगळीकडे ठेवतो. फोल्डर उडवलं आणि नोंद राहिली की पुढच्या वेळी कंटेनर सुरूच होत नाही, शेवटी सगळंच पुन्हा उभारावं लागतं. तारीखही फसवी आहे: सगळ्यात खालचा, सगळ्यांना लागणारा थरच सगळ्यात जुना असतो.

जागा कुठे गेली ते डॉकरलाच विचारा:

डॉकर सिस्टम डीएफ

इमेज, कंटेनर, व्हॉल्यूम आणि बिल्ड कॅश असे चार आकडे येतील, शेजारी परत मिळण्याजोगी जागा. मग

डॉकर बिल्डर प्रून

यात फक्त बिल्ड कॅश जाते, पुढचं बिल्ड तेवढं हळू होईल. 'डॉकर सिस्टम प्रून' बंद पडलेले कंटेनरही उडवतो. त्याला -ए जोडला तर कुठल्याही कंटेनरला न लागणाऱ्या सगळ्या इमेज जातात. व्हॉल्यूमला तो वेगळं सांगितल्याशिवाय हात लावत नाही, आणि तुम्हीही सांगू नका. डेटाबेस तिथेच असतात.

आता सतरंजीखाली.

सुडो एमकेडिर /एमएनटी/मूळ
सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ
सुडो डीयू -एसएच /एमएनटी/मूळ/होम

बाइंड माउंट रूट फाइल सिस्टम दुसऱ्या जागी उघडतं, पण तिच्यावर चढवलेले इतर माउंट सोबत आणत नाही. त्यामुळे /एमएनटी/मूळ/होम म्हणजे झाकलेलं जुनं होम. (आरबाइंड वापरलात तर माउंटही सोबत येतील आणि सगळा खटाटोप फुकट.) चित्र हवं असेल तर कॅश-रायटरला / ऐवजी /एमएनटी/मूळ द्या.

पुसण्याआधी दोनदा मार्ग वाचा. /एमएनटी/मूळ/होम मेलेलं, /होम जिवंत. खात्रीसाठी दोन्हींवर 'डीएफ' चालवा, वेगवेगळी पार्टिशनं दिसली पाहिजेत. जुन्यात असलेलं काही नव्यात राहून गेलंय का तेही बघून घ्या. आणि काम झालं की

सुडो यूमाउंट /एमएनटी/मूळ

हे विसरू नका. बाइंड चालू असताना पूर्ण रूट स्कॅन केलं तर मोजणी दुप्पट होऊ शकते, कारण कर्नलच्या लेखी दोन्हीकडे डिव्हाइस एकच आहे आणि 'एकाच फाइल सिस्टममध्ये राहा' ही अट त्याला अडवत नाही.

तिसरं:

सुडो एलएसओएफ +एल१

(एल मोठ्या लिपीतला.) ज्यांचा लिंक-काउंट एकपेक्षा कमी झालाय, म्हणजे नाव उरलेलं नाही, अशा उघड्या फाइलींची यादी येते. आकाराचा स्तंभ बघा, मोठी असेल तिच्या ओळीत प्रोग्रामचं नाव आणि पीआयडी आहेच. ती सेवा सिस्टमसीटीएलने रीस्टार्ट केली की जागा सुटते. पुढच्या वेळी चालू लॉग आरएम करू नका, 'ट्रंकेट -एस ०' करा.

---

खिडकीबाहेर

जरा अवांतर, पण वर ट्रीमॅपचा विषय निघालाच आहे. ही कल्पना भरलेल्या डिस्कमधूनच जन्मली. १९९० मध्ये मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेतली ८० एमबीची डिस्क १४ जण वाटून वापरत होते आणि ती सतत भरायची. कोण किती जागा खातंय हे एका नजरेत दिसावं म्हणून त्यांनी चौकोनात चौकोन ही मांडणी काढली. विंडोजवरून आलेल्यांना विनडिरस्टॅट ओळखीचं असतं आणि क्यूडिरस्टॅट त्याची नक्कल वाटतं. वंशावळ उलटी आहे: लिनक्सवरचं केडिरस्टॅट आधीचं, विनडिरस्टॅट त्यावर बेतलेलं. क्यूडिरस्टॅट हे केडिरस्टॅटच्याच मूळ लेखकाचं पुढचं काम, केडीईच्या लायब्ररींशिवाय चालणारं. म्हणून ते ग्नोमवर टाकताना अर्धं केडीई सोबत उतरत नाही. फाइललाइट टाकताना बऱ्याच लायब्ररी येतात, आणि १.१ जीबी शिल्लक असलेल्या पार्टिशनवर हे विसरून चालत नाही.

कामाचं एवढंच की फ्लॅटपॅकमधून (बंदिस्त कुंपणात चालणारी पॅकेजं) ही टूल घेऊ नका. फ्लॅटपॅकच्या कुंपणात /यूएसआर म्हणजे त्याचं स्वतःचं रनटाइम असतं, तुमच्या मशीनचं नाही. रूटचं चित्र दिसतं, फक्त ते तुमचं नसतं. एपीटीतूनच घ्या.

आणि क्यूडिरस्टॅटमधली फारशी कुणाला माहीत नसलेली सोय: मार्गाच्या जागी 'पीकेजी:/' दिलं तर फोल्डरऐवजी पॅकेजनुसार झाड उभं राहतं. उबुंटूवर ते डीपीकेजीला विचारतं, फेडोरावर आरपीएमला. कुठलं पॅकेज किती जागा घेतंय हे त्यात सरळ दिसतं. 'अनपीकेजी:/' दिलं तर याच्या उलट, कुठल्याच पॅकेजच्या मालकीच्या नसलेल्या फाइली. कधीतरी मेक इन्स्टॉल (पॅकेजशिवाय, थेट सोर्समधून) करून विसरलेल्या वस्तू तिथे हमखास सापडतात.

---

बीटीआर_भोंगा

फेडोरावाल्यांसाठी पुरवणी. वरचं सगळं ईएक्सटी४ ला लागू. फेडोरा वर्कस्टेशन आवृत्ती ३३ पासून डीफॉल्ट फाइल सिस्टम बीटीआरएफएस आहे, ३४ पासून झेडएसटीडी कॉम्प्रेशनही चालू असतं. तिथे बाओबाब किंवा फाइललाइटची बेरीज डीएफपेक्षा जास्त येऊ शकते, कारण टूल न दाबलेला आकार मोजतं. स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या फाइलींची गोठवलेली प्रत) असतील तर तोच ब्लॉक प्रत्येक स्नॅपशॉटच्या नावे पुन्हा पुन्हा मोजला जातो. त्यातली जुनी फाइल पुसली तरी जागा मिळत नाही, स्नॅपशॉटने तिला धरून ठेवलेलं असतं.

तिथे पहिला आदेश 'सुडो बीटीआरएफएस फाइलसिस्टम यूसेज /'. कॉम्प्रेशननंतर खरी किती जागा लागतेय ते कॉम्पसाइज सांगतं. आणि चित्रासारखं काही फिरून बघायचं असेल तर बीटीडीयू. ते टर्मिनलमधलं आहे, फाइली मोजत बसत नाही, डिस्कवरचे ब्लॉक यादृच्छिक उचलून ते कुणाचे हे विचारत राहतं. जितका वेळ चालू ठेवाल तितका आकडा पक्का.

---

अर्धाजीबी

हिशोब जुळला.

जुनं होम झाकलेलं सापडलं: ६.२. एलएसओएफमध्ये एका सेवेचा पुसलेला लॉग: १.३. दोन्ही मिळून बरोबर ७.५.

डॉकरच्या १३.९ मध्ये इमेज ९.१, बिल्ड कॅश ४.३, कंटेनर ०.५. बिल्ड कॅश उडवली, इमेज ठेवल्या. जुनं होम नव्याशी आरसिंकच्या ड्राय-रनने (काही न बदलता केलेल्या तुलनेने) ताडून मग पुसलं. सेवा रीस्टार्ट केली. आता डीएफ: वापर ४३जी, शिल्लक १३जी.

उरलेले दोन बारीक प्रश्न. राखीव ५ टक्के कमी करावेत का? आणि बाओबाबमध्ये राइट क्लिक करून एक मोठी आयएसओ उडवली होती तेव्हा जागा काहीच वाढली नव्हती, ते का?

---

ताई_टर्मिनल

दुसऱ्याचं उत्तर: बाओबाबमधला पर्याय 'कचरापेटीत हलवा' असा आहे. फाइल ~/.लोकल/शेअर/ट्रॅश मध्ये जाते, त्याच पार्टिशनवर राहते. पेटी रिकामी करेपर्यंत जागा तीच. शिवाय ती आयएसओ तुमच्या होममध्ये असेल तर पेटी रिकामी करूनही रूटचा आकडा हलणार नव्हता, पार्टिशन वेगळं आहे. फाइललाइटमधलं डिलीट याउलट कायमचं असतं. क्यूडिरस्टॅटमध्ये दोन्ही पर्याय आहेत, आणि कायमच्या डिलीटच्या नावातच 'परत आणता येणार नाही' असं लिहिलंय.

---

जुनाकर्नल

राखीव जागा: 'सुडो ट्यून२एफएस -एम १' आणि पुढे पार्टिशनचं नाव (ते 'फाइंडएमएनटी /' ने कळेल). चालू पार्टिशनवरही होतं, रीबूट नको. ३ चे ०.६ होतील, म्हणजे २.४ च्या आसपास हाती येतील. पण हे रूट पार्टिशन आहे, आणि डॉकर एका बिल्डमध्ये तेवढं खाऊन मोकळा होतो. राखीव जागा गेली की पुढच्या वेळी डिस्क भरेल तेव्हा लॉगइन स्क्रीनच्या पुढे जाणंही कठीण होऊ शकतं. मी रूटवर ५ च ठेवेन. /होमच्या पार्टिशनवर मात्र बेलाशक १ करा, तिथे सिस्टमचं काही अडत नाही.

त्यापेक्षा जर्नलला (सिस्टमच्या लॉगसाठ्याला) लगाम घाला. 'जर्नलसीटीएल --डिस्क-यूसेज' बघा. सिस्टमडी आपणहून फाइल सिस्टमच्या १० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ४ जी, लॉग साठवतं. तुमच्या ५९ वर १० टक्के म्हणजे ५.९, तेव्हा मर्यादा ४ ची लागते. जर्नलडी.कॉन्फ मध्ये सिस्टममॅक्सयूज=५००एम करून सिस्टमडी-जर्नलडी रीस्टार्ट करा.

---

खिडकीबाहेर

ट्रीमॅपमधल्या त्या वाळूबद्दल एक राहिलं. कधी 'जागा शिल्लक नाही' असा एरर आला आणि डीएफ मात्र मोकळी जागा दाखवत असेल तर 'डीएफ -आय' बघा. ईएक्सटी४ मध्ये आयनोडची (प्रत्येक फाइलला लागणाऱ्या नोंदीची) संख्या पार्टिशन बनवतानाच ठरते, सर्वसाधारणपणे दर १६ केबीमागे एक. ५९ जीच्या पार्टिशनवर साधारण ३९ लाख. चिल्लर फाइलींनी ते संपले की एकही नवी फाइल बनवता येत नाही. रिंग, ट्रीमॅप दोन्ही आकार दाखवतात, संख्या नाही, त्यामुळे चित्रात असा गुन्हेगार सापडत नाही. क्यूडिरस्टॅटच्या झाडात फाइलींच्या संख्येचा स्तंभ आहे, त्याच्या मथळ्यावर क्लिक करून उतरत्या क्रमाने लावा. नोड_मॉड्यूल्स (जावास्क्रिप्ट प्रकल्पांच्या लायब्ररींचं फोल्डर) पहिल्या दहात असतंच.